‘घर गेलं’ असं तिला सांगू नकोस

प्रश्न:
काकू, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या वर्षी प्लेनफिल्डमध्ये भाड्यानं देण्यासाठी एक टू-फॅमिली घर घेतलं. घर जुनं आहे, १९२०च्या दशकातलं. खालच्या मजल्यावर आधीपासूनचे भाडेकरू आहेत. वरचा तीन बेडरूमचा मजला रिकामा आहे, त्याचं भाडं २,६०० डॉलर ठरवलंय. परवा एका बाईंचा फोन आला. नर्सिंग होममध्ये मदतनीस आहेत, दोन मुलं आहेत, बोलायला सरळ वाटल्या. शेवटी म्हणाल्या, माझ्याकडे सेक्शन एटचं, म्हणजे सरकार भाड्याचा काही भाग भरतं ते व्हाउचर आहे, चालेल का? मी ‘दोन दिवसांत कळवते’ म्हणून फोन ठेवला. नवरा म्हणतो, सरकारी भानगड नको, घराची वाट लागेल. डॅलसचे दीर म्हणतात, आमच्याकडे सगळे सरळ नाही म्हणतात. आमचा एजंट म्हणतो, काही बोलू नका, घर गेलं म्हणून सांगा. आमची जवळजवळ सगळी बचत या घरात आहे. काय करू?
— एक नवी घरमालकीण

उत्तर:

तू फोनवर लगेच नाही म्हणाली नाहीस, हे फार चांगलं झालं. कारण न्यू जर्सीत ते ‘नाही’ बेकायदा ठरलं असतं.

तुझ्या दिरांचं त्यांच्यापुरतं चुकीचं नाही. केंद्राच्या १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यात वंश, धर्म, कुटुंबात मुलं असणं अशा गोष्टींवरून घर नाकारायला बंदी आहे, पण भाड्याचे पैसे कुठून येतात याचा त्यात उल्लेख नाही. तो प्रश्न राज्यांवर राहिला. दिरांच्या टेक्सास राज्यानं २०१५मध्ये उलट आपल्या शहरांनाच तसे नियम करायला मनाई केली, माजी सैनिकांचा अपवाद ठेवून. न्यू जर्सीत मात्र १९९९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरूला नाकारता येणार नाही. २००२मध्ये ‘उत्पन्नाचा कायदेशीर मार्ग’ हे शब्द राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातच आले. पहिल्याच उल्लंघनाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, भाडेकरूची नुकसानभरपाई वेगळी. जाहिरातीत ‘नो सेक्शन एट’ लिहिणंही चालत नाही. आणि एजंटनं सुचवलेलं ‘घर गेलं’ हे तर सगळ्यात वाईट. रिकामं घर भरलंय असं खोटं सांगणं हेही कायद्याचं उल्लंघन धरलं जातं, आणि तो एजंट स्वतःही या कायद्याखाली येतो. ज्या माणसाला हे माहीत नाही किंवा माहीत असून असा सल्ला देतो, त्याच्या हातात तुमचं घर ठेवू नका.

कायदा बाजूला ठेवूनही एक सांगते. १९९४मध्ये आम्ही इथं आलो तेव्हा फोनवर रिकामी असलेली अपार्टमेंट आम्ही दारात उभे राहिलो की ‘आत्ताच गेली’ असायची. एकदा तर मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या फोनवरून परत विचारलं, थोडं वेगळं बोलून, तर ती पुन्हा रिकामी झाली होती. त्या दिवशी मिस्टर माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले होते. आम्ही भाडं देऊ शकतो की नाही, हे त्या माणसानं विचारलंसुद्धा नव्हतं. त्या बाईंनी तुला शेवटी ‘चालेल का?’ असं विचारलं ना, त्यामागे असे किती फोन असतील याची मला थोडी कल्पना आहे.

आता पैशांचं बघू, कारण तुमची बचत अडकलीय आणि ती काळजी रास्त आहे.

सेक्शन एट म्हणजे १९३७च्या गृहनिर्माण कायद्यातलं आठवं कलम. ते त्यात १९७४मध्ये आलं. वॉशिंग्टनमधलं गृहनिर्माण खातं, ज्याला सगळे हड म्हणतात, ते पैसे देतं आणि स्थानिक हाउसिंग अथॉरिटी किंवा आपल्या राज्याचं सामुदायिक व्यवहार खातं ते वाटतं. देशात तेवीस लाखांच्या आसपास कुटुंबं व्हाउचरवर राहतात. पण मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच सरकारी घरमदत मिळते. बाकीची वर्षानुवर्षं यादीत असतात, आणि पुष्कळ ठिकाणी यादीच बंद असते. म्हणजे त्या बाईंच्या हातात जो कागद आहे तो मिळवायला त्यांनी बहुधा काही वर्षं वाट पाहिली आहे. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

हिशेब समज. वजावटी धरून त्यांचं महिन्याचं उत्पन्न २,८०० डॉलर आहे असं धरू. त्यातले साधारण तीस टक्के, म्हणजे ८४०, हा त्यांचा वाटा. अथॉरिटी प्रत्येक आकाराच्या घरासाठी एक कमाल रक्कम ठरवते, तिला पेमेंट स्टँडर्ड म्हणतात. तीन बेडरूमसाठी ती समजा २,८०० आहे. तुझं भाडं २,६००, गॅस आणि वीज त्या भरणार, त्यासाठी अथॉरिटी २०० धरते. एकूण झाले २,८००. त्यातून ८४० वजा केले की १,९६० अथॉरिटी थेट तुझ्या बँकेत भरते. उरलेले ६४० त्या तुला देतात आणि गॅस-विजेचं बिल स्वतः भरतात. घर पहिल्यांदा घेताना त्यांच्या खिशातून उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त जाऊ नये अशी अट आहे. तू ३,००० मागितलेस तर जास्तीचे ४०० त्यांच्यावर पडतील, त्यांचा एकूण भार १,२४० होईल, आणि २,८००चे चाळीस टक्के होतात १,१२०. मग अथॉरिटी मंजुरी देणार नाही. शिवाय आसपासच्या तशाच, व्हाउचर नसलेल्या घरांची भाडी पाहून तुझं भाडं वाजवी आहे का हे अथॉरिटी तपासते. तेव्हा ‘सरकार देतंय तर चढवून मागू’ हा विचार कोणी तुझ्या डोक्यात घातला असेल तर तो काढून टाक. आणि मंजूर भाड्याच्या वर भाडेकरूकडून हातात पैसे घ्यायचे, आपल्याकडे पागडी घेत तसे, हे तर मुळीच नाही. ती फसवणूक ठरते, आणि पकडली गेली की घरमालक या योजनेतून बाहेर जातो, पैसे परत करावे लागतात आणि खटलाही होऊ शकतो.

आता त्या १,९६०कडे परत बघ. दर महिन्याला, कुणाला आठवण न करता येणारे पैसे आहेत ते. २०२०च्या मार्चमध्ये माझी एक भाडेकरू एका शाळेच्या खानावळीत कामाला होती. काम एका आठवड्यात थांबलं. तिनं अथॉरिटीला उत्पन्न घटल्याचं कळवलं. त्यांनी नव्यानं हिशेब केला, तिचा वाटा कमी झाला आणि तितका त्यांचा वाढला. माझ्या भाड्यात खंड पडला नाही. त्याच वर्षी माझ्या दुसऱ्या घरातला, व्हाउचर नसलेला, उत्तम पगाराचा कंत्राटी इंजिनियर दोन महिन्यांचं भाडं थकवून, किल्ल्या किचनच्या ओट्यावर ठेवून निघून गेला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही, त्याचं कामच गेलं होतं. पण त्याच्या मागे कोणी नव्हतं आणि तिच्या मागे होतं.

एक खरा धोका सांगते. सगळी व्हाउचर सारखी नसतात. करोनाच्या काळात, २०२१च्या मदत कायद्यातून सत्तर हजार आपत्कालीन व्हाउचर दिली गेली. त्यांचा निधी वेगळा आणि मर्यादित होता. तो ठरल्यापेक्षा बराच आधी संपतोय असं हडनं २०२५मध्ये अथॉरिट्यांना कळवलं. त्यामुळे व्हाउचर कोणत्या योजनेचं आणि कुठल्या अथॉरिटीचं आहे, हे अथॉरिटीलाच नीट विचार. आपल्या राज्याची स्वतःच्या पैशांची वेगळी भाडेमदतही आहे. कायद्याच्या दृष्टीनं तेही उत्पन्नच, त्यामुळे नाकारण्यासाठी विचारायचं नाही, पुढचा हिशेब कळावा म्हणून विचारायचं.

नवऱ्याची दुसरी भीती घराची. ‘वाट लागेल’ हे वाक्य मी या गावात इतक्यांदा ऐकलंय की ते कोण कुठून शिकतं हेच मला कळत नाही. व्हाउचर फक्त एवढंच सांगतं की भाड्याचा काही भाग कुठून येणार आहे. माणूस नीटनेटका आहे का, रात्री अकराला ढोल वाजवतो का, नळ गळला तर वेळेवर कळवतो का, यातलं काही ते सांगत नाही. ते तुलाच शोधायचंय, आणि ते शोधायचा पूर्ण हक्क तुला आहे. बरेच नवे घरमालक समजतात की अथॉरिटीनं माणूस पारखून पाठवलाय. नाही. अथॉरिटी योजनेची पात्रता बघते. चांगला भाडेकरू आहे का हे बघणं घरमालकाचं काम. त्यांच्याकडे असेल तर आत्ताचा आणि आधीचा पत्ता आणि त्या घरमालकांची नावं तुला मागून घेता येतात. मागच्या घरमालकाला फोन कर. आत्ताच्यापेक्षा त्याच्या आधीच्याला जास्त विचार, कारण आत्ताचा कधी कधी सुटका व्हावी म्हणूनही कौतुक करतो. भाडं वेळेवर यायचं का, शेजाऱ्यांची तक्रार होती का, घर कसं सोडलं, एवढं पुरे.

इथं दोन ठिकाणी लोक अडकतात. ‘भाड्याच्या तिप्पट पगार हवा’ हा जो नियम सगळे लावतात, तो इथं पूर्ण भाड्यावर लावता येत नाही, फक्त भाडेकरूच्या वाट्यावर लावता येतो. २,६००ची तिप्पट मागशील तर तू दुसऱ्या दारानं व्हाउचरच नाकारते आहेस. ६४०ची तिप्पट माग, ती त्या सहज दाखवतील. दुसरं, २०२२पासून राज्यात असा कायदा आहे की घर देऊ केल्याखेरीज गुन्हेगारी नोंद विचारायची नाही. तू त्या घरात राहत नसल्यामुळे तुला तो लागू आहे. जे कागद तिच्याकडून मागशील तेच याआधीच्या आणि यापुढच्या प्रत्येकाकडून माग, आणि ते लिहून ठेव.

आणि मघाशी लक्षात ठेव म्हटलं ते आता आठव. भाडेकरूनं लीजच्या अटी गंभीरपणे मोडल्या आणि त्यामुळे घर सोडावं लागलं, तर अथॉरिटी व्हाउचर काढून घेऊ शकते. वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेला कागद. साध्या भाडेकरूचं असं काय पणाला लागलेलं असतं? फार तर क्रेडिट स्कोअर आणि डिपॉझिट. माझ्याकडे व्हाउचरवर राहिलेलं एक कुटुंब अकरा वर्षं राहिलं. मोठी मुलगी पहिलीत होती ती बारावी झाली. अकरा वर्षांत मला एकदाही जाहिरात द्यावी लागली नाही, नव्यानं रंग द्यावा लागला नाही, एक महिना रिकामा गेला नाही. असं सगळ्यांचंच होईल असं नाही. पण घर रिकामं पडण्याचा खर्च नवे घरमालक धरतच नाहीत, आणि तोच सगळ्यात मोठा असतो.

डिपॉझिट नेहमीसारखंच घे. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त कुणाकडूनच घेता येत नाही, ते व्याजाच्या वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेबासकट परत करावं लागतं. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारांची सवयही विसर. इथं लीज संपली म्हणून भाडेकरूला जा म्हणता येत नाही. मालक स्वतः न राहत असलेल्या घरात १९७४च्या कायद्यानं ठरवलेलं सबळ कारण लागतं, भाडं थकणं वगैरे. हे व्हाउचर असो नसो, खालच्या मजल्यावरच्यांनाही लागू आहेच.

खरी परीक्षा तिची नाही, तुझ्या घराची आहे. इन्स्पेक्शन. मी इथं सविस्तर लिहिते, कारण माझं पहिलं घर यात नापास झालं आणि त्यात माझा दीड महिना गेला.

क्रम असा असतो. तुम्ही दोघींनी एकमेकींना पसंत केलं की त्या तुला मंजुरीच्या विनंतीचा फॉर्म आणून देतील. त्यात भाडं, कुठली बिलं कोण भरणार, घर कधीचं बांधलेलं, हे भरायचं. मग अथॉरिटी भाडं तपासते आणि माणूस पाठवते. घर पास झालं की तुझी आणि त्यांची लीज, आणि तुझा आणि अथॉरिटीचा वेगळा करार. त्याला हॅप काँट्रॅक्ट म्हणतात. लीजला हडचं एक ठराविक जोडपत्र लावावं लागतं आणि लीजमधलं काही त्याच्या विरुद्ध गेलं तर जोडपत्र चालतं. पहिला हप्ता यायला महिना-दीड महिना लागू शकतो, पण तो करार सुरू झाल्या तारखेपासूनचा असतो. तेवढ्या मॉर्टगेजची सोय हाताशी ठेव. आणि घर पास होण्याआधी दया येऊन किल्ली देऊ नकोस. त्या आधीच्या दिवसांचं भाडं अथॉरिटी देत नाही आणि मग ते त्या बाईंच्या डोक्यावर बसतं.

माझं घर नापास झालं ते मागच्या पोर्चच्या सुटलेल्या रंगामुळे. मला वाटलं, बाहेरचा रंग कोण बघतो. पण १९७८च्या आधीच्या घरात जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि सुटलेले पोपडे लहान मुलं तोंडात घालतात. सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर ते फारच कडकपणे बघतात, आणि ते बरोबरच आहे. आपल्या राज्यात २०२२पासून अशा जुन्या भाड्याच्या घरांची शिशासाठी वेगळी तपासणीही सक्तीची आहे. तुझं घर १९२०च्या दशकातलं. विकत घेताना तपासणीचा दाखला मिळाला होता का, तो कुठल्या तारखेचा आहे, हे आज रात्रीच फायलीत शोध. नसेल तर आधी ते काम. आणि रंग स्वतः घासायला बसू नका. त्याची धूळच जास्त घातक. परवाना असलेला माणूस बोलवा.

बाकी गोष्टी छोट्या असतात आणि त्यातच लोक पडतात. चार किंवा जास्त पायऱ्या असतील तिथं हातानं धरायला कठडा. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये पाण्याजवळच्या प्लगला आपोआप वीज तोडणारी सुरक्षा. प्रत्येक बेडरूमची खिडकी उघडणारी आणि कडी लागणारी. बाहेरच्या दाराचं कुलूप आतून किल्लीशिवाय उघडणारं, कारण आगीत किल्ली शोधायला वेळ नसतो. पाणी तापवायच्या टाकीच्या सुरक्षा व्हॉल्व्हला खाली जाणारी नळी. धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे गजर. बॅटरीचे स्मोक डिटेक्टर असतील तर ते दहा वर्षांच्या बंद बॅटरीचे हवेत, भाडेकरू बदलताना न्यू जर्सीत तेच चालतात. शनिवारी दोघं मिळून हातात टॉर्च आणि प्लग तपासायचं छोटं यंत्र घेऊन वरचा मजला फिरा. नवऱ्याला हे काम आवडेल.

नंतरही तपासणी होते, बहुतेक ठिकाणी किमान दोन वर्षांतून एकदा, आणि भाडेकरूनं तक्रार केली तर मधेही. जिवाला धोका असेल ते चोवीस तासांत दुरुस्त करावं लागतं, बाकीचं साधारण तीस दिवसांत. तू केलं नाहीस तर अथॉरिटी तिचा वाटा थांबवते, आणि ते थांबलेले पैसे तुला भाडेकरूकडून मागता येत नाहीत. भाडं वाढवायचं असेल तर अथॉरिटीला किमान साठ दिवस आधी लिहून कळवायचं. प्लेनफिल्डच्या पालिकेत भाडेवाढीचे काही नियम आहेत का हेही विचारून घे. घर सोडायची नोटीस कधी द्यावी लागली तर तिची प्रतही अथॉरिटीला जाते. कागदपत्रं वाढतात, यात शंका नाही. मी एक निळी फाइल ठेवते, घरटी एक, आणि अथॉरिटीशी झालेलं प्रत्येक बोलणं तारखेसह तिच्यात जातं. तिथले अधिकारी बदलत राहतात, तेव्हा तुझी फाइल हीच त्यांची आठवण असते.

हे सगळं करूनही, मागच्या घरमालकांशी बोलून तुला काही खरोखर खटकलं, भाडं बुडवलेलं, घर मोडलेलं, तर तू नाही म्हणू शकतेस. तोच निकष तू सगळ्यांना लावला असशील तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. पण ते कारण माणसाचं असू दे.

तू दोन दिवस मागितले होतेस, ते बहुधा संपलेत. व्हाउचर हातात पडल्यावर घर शोधायला सुरुवातीला किमान साठ दिवस मिळतात. मुदतवाढ अथॉरिटीच्या हातात असते, आणि ती मिळाली नाही तर व्हाउचर जातं. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी त्या बाईंना फोन कर, घर बघायला बोलाव, आणि पहिलं हे विचार की त्यांच्याकडे किती दिवस उरलेत. त्यावरून शनिवारची दुरुस्ती याच शनिवारी करायची की पुढच्या, ते ठरेल.